पडशीला टेकू: सॅडलबॅगचा रॅक घरी करताना

प्रश्न थोडक्यात असा: गाडी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या कापडी सॅडलबॅगांची जोडी घेतली. गगनबावड्याला जाताना डावी बॅग आत वळून टायरला घासली आणि तळाला भोक पडलं. तयार रॅक मिळतो, पण मामाच्या शेडमध्ये वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर आहे, म्हणून स्वतःच करायचा विचार आहे. त्यासाठी २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप आणून ठेवलाय. तो चालेल का, रॅक कुठं अडकवायचा, किती वजन टाकायचं आणि प्रवास झाल्यावर काढून ठेवायचा का?

पहिल्यांदा तो चौकोनी पाइप मामांना देऊन टाका. शेडच्या दाराला उपयोगी पडेल.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी सव्वीस वर्षं फॅब्रिकेशन करतोय. सुरुवात सॅडलबॅगनं झाली नाही, तेव्हा हा शब्दही आमच्याकडं कुणी वापरत नव्हतं. सुरुवात झाली दूधवाल्यांच्या स्टँडनं. गाडीच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवून पहाटे डेअरीला जाणारा माणूस तुम्ही रोज बघता. चाळीस लिटरचा कॅन दुधानं भरला की एका बाजूलाच चाळीस किलोच्या वर जातो, आणि तो खड्ड्यातून, बांधावरून, उसाच्या सरीतून जातो. त्या स्टँडकडं एकदा थांबून नीट बघा. कॅनचं वजन सीटवरून आडव्या गेलेल्या जाड पट्टीवर असतं. खाली चाकाजवळ जी कडी दिसते ती वजन घेत नाही, ती फक्त कॅनला आत झुकू देत नाही. म्हणजे उचलणारा वेगळा आणि अडवणारा वेगळा.

तुमच्या कापडी बॅगेचं काम हुबेहूब असंच आहे. आपल्या पडशीचंच ते नवं रूप. पडशी घोड्याच्या पाठीवर टाकली की वजन पाठीवर, दोन खिसे दोन बाजूंना. बॅगेचे पट्टे सीटवरून किंवा सीटखालून जातात, वजन तिथं बसतं. घोड्याला बरगड्या असतात, त्यावर पडशी टेकते. मोटारसायकलला त्या जागी फिरतं चाक असतं. तेव्हा तुम्हाला करायच्या आहेत त्या फक्त बरगड्या. एवढं डोक्यात बसलं की लोखंड किती घ्यायचं, कुठं अडकवायचं हे बरंचसं आपोआप सुटतं. कडक डिकी लावणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथं सगळं वजन रॅकवरच येतं. ते काम पहिल्या प्रयत्नात करू नका.

आता पाइप. आपल्याकडं सगळं जगात भारी लागतं, पण रॅक हलकाच हवा. दोन्ही बाजू, हात आणि मागचा जोड मिळून साधारण पावणेचार मीटर माल लागतो. २५ चा चौकोनी पाइप २ मिमी जाडीचा असेल तर मीटरला जवळजवळ १.४४ किलो भरतो, म्हणजे रिकामा रॅकच जवळजवळ साडेपाच किलोचा. त्यात बॅगेत तुमचे कपडे अजून गेलेच नाहीत. १२ मिमीची भरीव सळी घेतली तर मीटरला ८८८ ग्रॅम. हा हिशोब तोंडी करता येतो, व्यासाचा वर्ग करून १६२ नं भागायचा. मी वापरतो तो १६ मिमी बाहेरच्या व्यासाचा, १.६ मिमी जाडीचा, म्हणजे १६ गेजचा काळा ईआरडब्ल्यू, म्हणजे पट्टी गोल वळवून शिवण वेल्ड केलेला पाइप. तो मीटरला ५७० ग्रॅमच्या आसपास भरतो. आणि गंमत बघा, हा पोकळ पाइप १२ च्या भरीव सळीपेक्षा वजनाला एक तृतीयांशानं कमी, पण वाकायला दुपटीच्या जरा अलीकडे इतका जास्त ताठ. लोखंड जितकं मधल्या रेषेपासून लांब, तितकं ते वाकायला नकार देतं. सळी हातात घेतली की भक्कम वाटते, म्हणून लोक सळी मागतात. हाताला जे भक्कम वाटतं ते खड्ड्यात भक्कम असेलच असं नाही.

१८ गेज, म्हणजे १.२ मिमीचा पाइपही चालतो. पण तुमचा हात वेल्डिंगला नवा असेल तर अडीच मिमीच्या वेल्डिंग रॉडनं तो जळून भोकं पडतील. १.६ मिमी चूक सोसतो. पाइप २० फुटी लांबीत मिळतो; एक नळी आणली तरी उरेल.

आणखी एक. वायरिंगच्या दुकानातला पांढरा चमकणारा जस्ताचा पाइप स्वस्त आणि सरळ दिसतो म्हणून आणू नका. त्यावर वेल्डिंग केलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो. बंद शेडमध्ये तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आमच्या दुकानात एका पोराला आला होता, घरच्यांना मलेरियाच वाटला. नाइलाजच असेल तर सांध्यापासून दोन इंच जस्त घासून काढा आणि उघड्यावर काम करा.

रॅक मोडतो कसा, हे एकदा सांगतो, कारण त्यावरच बाकी सगळं अवलंबून आहे. माझा स्वतःचा पहिला रॅक मी जाड लोखंडात केला होता. कॅनच्या स्टँडचा कारागीर मी, मला कोण शिकवणार? आंबा घाटातून रत्नागिरीला निघालो आणि मलकापूरच्या पुढं मागून टणटण आवाज यायला लागला. उतरून बघतो तर पाइप शाबूत, पट्टी शाबूत, आणि बोल्टाच्या पट्टीला जिथं वेल्डिंग संपतं तिथं केसाएवढी चीर आरपार गेलेली. दोरीनं बांधून परत आलो. तो वजनानं तुटला नव्हता, थरथरीनं तुटला होता. एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला हजारो वेळा धक्का देतं. तार हातात घेऊन एकाच जागी मागं-पुढं वाकवली की तुटते, तसंच हे, फक्त वाकणं डोळ्यांना दिसत नाही. आणि रॅक स्वतःच जड असेल तर त्याची थरथरही जास्त जोराची. मी जाडी वाढवून दुखणं वाढवलं होतं.

त्यावर तीन उपाय. प्रत्येक बाजू तीन ठिकाणी धरायची, दोन नाही. डावा आणि उजवा रॅक नंबरप्लेटच्या मागून आडव्या पाइपानं एकमेकांना जोडायचे. आणि कुठलाही बोल्ट जबरदस्तीनं बसवायचा नाही.

या तीनांत लोक आडवा पाइप गाळतात, दिसायला नको म्हणून. माझ्या मते रॅकमधला सगळ्यात उपयोगाचा एक फूट लोखंड तोच. तो नसेल तर दोन्ही बाजू कुत्र्याच्या कानासारख्या वेगवेगळ्या हलतात. तो आला की एकीला आत जायचं असेल तर दुसरीला बाहेर जावं लागतं, आणि मग दोघी गप्प बसतात. तो वेल्ड न करता दोन्हीकडं बोल्टनं जोडा, म्हणजे रॅक तीन तुकड्यांत निघेल. नंबरप्लेट आणि मागचा दिवा झाकू नका. आडवा पाइप प्लेटच्या खालून किंवा मडगार्डला लागून मागून न्या.

कुठं अडकवायचं. मागं बसणाऱ्याच्या फुटरेस्टचा ब्रॅकेट, शॉकअपचा वरचा बोल्ट आणि सीटच्या मागं मडगार्ड किंवा हँडल जिथं चेसिसला बसतं तो बोल्ट, या तीन जागा बहुतेक गाड्यांना सापडतात. प्रत्येक बोल्ट कशात जातोय ते बघा. चेसिसच्या नळीत किंवा तिला झाळलेल्या जाड पट्टीत जात असेल तर तुमचा. नुसत्या मडगार्डच्या पत्र्यात जात असेल तर त्यावर भरवसा नको.

शॉकअपचा खालचा बोल्ट मात्र वर्ज्य. तो मोकळा, हाताशी आणि मोठा दिसतो, म्हणून मोह होतो. एका गिऱ्हाइकानं स्वतः रॅक करून आणला होता, वरचं टोक चेसिसला आणि खालचं टोक या बोल्टाला. शॉकअपचा खालचा डोळा चाकाबरोबर वर-खाली होणाऱ्या स्विंगआर्मवर असतो आणि चेसिस आपल्या जागी असतं. त्या माणसानं दोन्हीच्या मधे लोखंडी काठी ठोकली होती. मग म्हणतो कसा, रॅक लावल्यापासून शॉकअप कडक झालाय. कडक नाही झाला, बंद झाला होता.

वरच्या बोल्टाशीही जपून. तिथं रॅकची पट्टी नटाच्या आत, वायसरच्या बाहेर बसते, म्हणजे नट पट्टीच्या जाडीइतका बाहेर येतो. नट पूर्ण बसून आटे किमान दोन तरी बाहेर दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर ती जागा सोडा, दुसरी शोधा. शॉकअपचं रबर पट्टीनं दाबलं जाऊ नये, आणि शॉकअपची ताकद कमी-जास्त करायचा पाना फिरवायला जागा राहिली पाहिजे, कारण सामान टाकल्यावर तोच पाना तुम्हाला लागणार आहे.

मागच्या चाकाचा ॲक्सल कुठल्या बाजूनं बाहेर येतो ते आत्ताच बघून ठेवा आणि त्या रेषेत पाइप आणू नका. भर पावसात भुईबावड्याच्या घाटात पंक्चर झालं आणि चाक काढायला आधी रॅक काढावा लागला, तर तुम्ही रॅक करणाऱ्याला, म्हणजे स्वतःलाच, शिव्या द्याल.

आता माप. गाडी मधल्या स्टँडवर सपाट जागी उभी करा. मापं सीटपासून किंवा सायलेन्सरपासून घेऊ नका, कारण गाडीच्या दोन बाजू सारख्या नसतात. तुमच्या गाडीला सायलेन्सर उजवीकडं आहे, त्यामुळं उजवा रॅक तेवढा बाहेर येणार. मागच्या टायरच्या बरोबर मध्यावरून एक दोरी धरा आणि दोन्हीकडचं अंतर त्या दोरीपासून मोजा. उजवीकडं सायलेन्सरमुळं जेवढं बाहेर जावं लागतं तेवढंच डावीकडंही जायचं. हात लांब-आखूड होतील, पण बाहेरची तोंडं दोरीपासून सारखी हवीत. एक बॅग चार इंच जास्त बाहेर असेल तर वळणावर गाडी एका बाजूला ओढल्यासारखी वाटत राहते.

रुंदीची माझी सीमा हँडल आहे. भरलेल्या बॅगा हँडलच्या टोकांपेक्षा आत राहिल्या पाहिजेत. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीशेजारून जाताना आपण हँडल बघून अंदाज बांधतो, हँडल गेलं की गाडी गेली असं समजतो. बॅग बाहेर असेल तर ती ट्रॉलीतून लोंबणाऱ्या उसाला अडकते.

सायलेन्सर आणि बॅग यांच्यात, बॅग भरून फुगल्यावरही, तीन इंच मोकळे ठेवा. रिकाम्या बॅगेवर माप घेऊन फसणारे पुष्कळ. उष्णता वर चढते, म्हणून बॅगेचा तळ सायलेन्सरच्या बरोबर वर येत असेल तर एवढ्यावर भागत नाही. मधे पातळ पत्रा लावा, पण तो सायलेन्सरला न टेकता.

चौकटीचा आकार घोड्याच्या नालेसारखा किंवा इंग्रजी डीसारखा, कोपरे गोल. बॅगेच्या पाठीपेक्षा चौकट जरा लहान, साधारण १४ बाय ९ इंच, पण खालचा पाइप बॅगेच्या तळाजवळ आला पाहिजे. तुमची बॅग तळाशीच वळून आत गेली होती ना? वरून धरलेली पिशवी नेहमी खालून झुलते, म्हणून अडवायचं ते खाली. चौकटीच्या मधून एक उभा पाइप किंवा पट्टी टाका, नाहीतर मऊ बॅग चौकटीतून पोटासारखी आत येते.

आधी नमुना करा. आठ नंबरची तार घेऊन ती हातानं वाकवून गाडीवर बांधा, पुठ्ठा कापून चौकट लावा, भरलेली बॅग टांगा. मागं कुणाला तरी बसवा. टाच बॅगेला लागतेय का? इंडिकेटर मागून दिसतोय का? मग दोघे गाडीवर बसा, स्टँडवरून काढून, आणि तिसऱ्याला चाकाजवळ बसवून सीटवर दाब देऊन हिंदोळे घ्या. चाक वर येताना काय कशाजवळ जातंय ते तो सांगेल. टायर, साखळी, गार्ड, ॲक्सलचा नट, या कशापासूनही दीड इंचाच्या आत पाइप येता कामा नये. या नमुन्यात एक दुपार गेली तरी जाऊ दे. तार पुन्हा वाकते, पाइप पुन्हा सरळ होत नाही.

पाइप वाकवायला ग्रिलच्या दुकानात जा. त्यांच्याकडं डाय असलेलं हाताचं बेंडिंग असतं आणि १६ चा पाइप ते चहा येईपर्यंत वाकवून देतात. वाकाची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या तिपटीहून कमी नको, म्हणजे ५० मिमी तरी धरा, नाहीतर आतली बाजू चेपते. पाइपाची शिवण आत किंवा बाहेर न ठेवता बाजूला ठेवायला सांगा, म्हणजे ती ताणलीही जात नाही आणि दाबलीही जात नाही. घरी वाळू भरून गॅसवर वाकवणार असाल तर वाळू तव्यावर भाजून खडखडीत वाळवा. ओली वाळू दोन्हीकडं खुंट्या ठोकून तापवली की आतल्या वाफेनं खुंटी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते.

बोल्टासाठी पाइपाचं टोक हातोड्यानं चेपून त्यात भोक पाडायची आपल्याकडं फार जुनी सवय आहे. दुधाचे निम्मे स्टँड तिथंच तुटतात, गोल संपून चपटं सुरू होतं त्या रेषेवर. त्यापेक्षा २५ बाय ५ ची पट्टी घ्या, पाइपाच्या टोकाला ग्राइंडरनं इंचभर खाच पाडा, पट्टी त्यात सरकवा आणि दोन्ही बाजूंनी झाळा. पट्टीला भोक साडेआठ मिमीचं, बोल्ट एम ८. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं बघून घ्या, डोकं कोरं असेल तर तो बोल्ट कॅलेंडर टांगायला ठेवा. नट नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला.

पट्टी आणि चेसिस यांच्यात अंतर पडतं तिथं बुश, म्हणजे बोल्टावर बसणारं पोकळ नळकांडं, लागतो. लेथवाल्याकडून १६ मिमी बाहेरचा, साडेआठ मिमी आतला असा भरीव सळीतून काढून घ्या. वायसरांची चळत रचू नका, ती सैल होते. आणि बुश लांबवू नका. एक इंचापर्यंत ठीक, त्यापुढं बोल्ट खिळ्यासारखा राहत नाही, काठीसारखा वाकायला लागतो. अंतर जास्त असेल तर बुश नको, पट्टीलाच बाक द्या.

वेल्डिंगबद्दल एक गोष्ट सोडून मी कुणाशी वाद घालत नाही: चेसिसला काहीही झाळायचं नाही. टॅकसुद्धा नाही, म्हणजे तात्पुरतं धरायला मारतात तो वेल्डिंगचा ठिपकाही नाही. चेसिसची ताकद तिथं जाते, आणि गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार कायद्यालाही चालत नाहीत. रॅक बोल्टनं यावा, बोल्टनं जावा.

रॅकचे तुकडे गाडीला बोल्टनं लावून फक्त एकमेकांना टॅक मारायचे, म्हणजे सगळं जागच्या जागी धरलेलं राहतं. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आणि गाडी बीएस-६ असेल तर ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा जोडही. अर्थिंगचा चिमटा टॅकच्या अगदी शेजारी, रॅकच्या पाइपालाच लावा. चिमटा पुढच्या चाकाजवळ लावला तर करंट बेअरिंगमधून आणि वायरिंगमधून वाट काढतो. टाकीवर, सीटवर, दिव्यावर ओलं पोतं टाका, पेट्रोलचा नळ किंवा पाइप झिरपत नाही ना ते बघा, आणि पाण्याची बादली नव्हे, वाळूची बादली शेजारी ठेवा.

टॅक झाले की रॅक काढून खाली घ्या आणि जमिनीवर पूर्ण वेल्ड करा. अडीचचा ६०१३ रॉड, ७० ते ८० अँपिअर, थोडं इकडं, थोडं समोर, असं आलटून पालटून. एकाच बाजूनं सगळं ओढलंत तर चौकट पापडासारखी वळते. वेल्डिंगची काच १० किंवा ११ नंबरची घ्या. गॉगल लावून टॅक मारणाऱ्यांना रात्री डोळ्यांत वाळू पडल्यासारखं होतं, मग मला फोन करतात. वेल्डिंगची रेघ, म्हणजे बीड, गुळगुळीत दिसावी म्हणून ग्राइंडरनं सपाट करू नका, ताकद तिथंच घासून जाते. तुमचं वेल्डिंग कबुतराच्या विष्ठेसारखं येत असेल, आणि पहिल्या वर्षी सगळ्यांचं तसंच येतं, तर लाज न बाळगता टॅक केलेला रॅक एखाद्या मिग मशीन (रॉडऐवजी तारेनं वेल्डिंग करणारं) असलेल्या दुकानात नेऊन द्या. कापणं, वाकवणं, मापं हेच निम्म्याहून जास्त काम होतं आणि ते तुम्ही केलंय.

आता मघाचा तिसरा उपाय. थंड झालेला रॅक गाडीला लावा. प्रत्येक बोल्ट बोटांनी आत शिरला पाहिजे. दोन बोल्ट लागले आणि तिसऱ्यासाठी पहार घालून पट्टी ओढावी लागली, तर रॅक जन्मापासूनच ताणात आहे आणि माझ्यासारखं मलकापूर गाठेल. भोक कानशीनं लांबट करा, पट्टी तापवून वळवा, पण ओढून बसवू नका. सगळे बोल्ट हातानं लावून झाले की मगच पाना घ्या.

गाडी स्टँडवरून काढा, चौकट धरून जोरात हलवा. गाडी हलली आणि रॅक गाडीबरोबर हलला तर झालं. गाडी उभी आणि रॅक हलतोय, तर कुठंतरी एक टेकू कमी आहे.

रंगाचं थोडक्यात. दोन्ही टोकं बंद असलेल्या पाइपाला खालच्या बाजूनं ३ मिमीचं एक भोक पाडा. गगनबावड्याच्या पावसात पाणी कुठून ना कुठून आत जातंच, त्याला बाहेर यायला वाट हवी. नाहीतर रंग वरून नवा आणि पाइप आतून कुजलेला. पावडर कोटिंग भट्टीत १८० ते २०० अंशांना भाजतात, ते टिकाऊ. घरी करायचं तर घासून, तेल पुसून, प्रायमर आणि दोन हात. बॅग जिथं टेकते तिथं सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा, पण पावसाळ्यात सोडून वाळवा, तिच्याखाली पाणी साचतं.

साडीगार्ड काढू नका. रॅकला जागा व्हावी म्हणून सगळ्यात आधी लोक तोच कापतात. मोटार वाहन नियमांतला नियम १२३ मागं बसणाऱ्यासाठी हातानं धरायला पकड, फुटरेस्ट आणि कपडे चाकात न जाता निम्मं चाक झाकेल असं संरक्षण मागतो. नियमाचं सोडा, उद्या आई साडीत मागं बसून जोतिबाला येईल ना? रॅकवर साडीगार्ड विसंबवू नका आणि साडीगार्डच्या तारेवर रॅकही टेकवू नका. त्याच नियमात २०२० साली सामानाच्या पेटीची मापंही आली: लांबी ५५० मिमी, रुंदी ५१०, उंची ५००. पेटी मागच्या माणसाच्या जागेत बसवली तर मागं माणूस नाही. पुढंमागं वर पेटी लावायचा विचार आला तर लक्षात असू द्या.

वजन. कापडी बॅगेत बाजूला पाच ते सात किलो, त्यापुढं मी जात नाही. घरातला ताणकाटा घेऊन दोन्ही बॅगा तोला, फरक एक किलोच्या आत. जड तळाला, हलकं वर, आणि बॅग जितकी पुढं सरकेल तितकी पुढं, मागच्या चाकाच्या ॲक्सलच्या मागं कमीत कमी. तुमच्या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण १३९० मिमी आहे. ॲक्सलच्या एक फूट मागं दहा किलो टांगले की पुढच्या चाकावरचं वजन दोन किलोंहून थोडं जास्त कमी होतं आणि मागच्यावर दहाऐवजी बारा पडतात. आकडा लहान दिसतो, पण आई मागं, वर पिशवी आणि घाटाची चढण एकत्र आली की हँडल हलकं लागायला लागतं. सामान भरल्यावर मागच्या टायरची हवा आणि शॉकअपचा पाना गाडीच्या पुस्तकात दोघांसाठी सांगितलाय तसा करा. आणि खोगीरभरती नको. जागा आहे म्हणून बॅग भरायची नसते, चार दिवसांसाठी तीन जोड चपला नेणारा माणूस मी बघितलाय.

पहिली चाचणी कपड्यांनी नको. गुळाचे पाच-पाच किलोचे दोन रवे, म्हणजे ढेपा, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून एकेका बॅगेत टाका. वजन नेमकं असतं आणि बॅग भिजली तर तुमचं नुकसान, रॅकचं नाही. नट आणि पट्टीवरून आरपार रंगाची एक रेघ ओढा. रंकाळ्याला एक फेरी, मग पन्हाळा चढून उतरून या. रेघ तुटली असेल तर नट फिरलाय. पन्नास किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, पहिल्यांदा ते थोडे बसतातच. पुढं प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी वेल्डिंगच्या कडांवर बोट फिरवा. रंगात केसासारखी रेघ किंवा गंजाची बारीक धार दिसली तर तीच चीर. तिच्यावर पुन्हा बीड ओढून भागत नाही, चीर घासून पूर्ण उघडा आणि मग भरा.

शेवटचा प्रश्न, काढून ठेवायचा का. हो. रोज ऑफिसला रिकामा रॅक घेऊन फिरलात तर तो थरथरत आपलं आयुष्य फुकट घालवतो, आणि महाद्वारावरच्या गर्दीत कुणाच्या तरी नडगीला लागतो. काढताना बुश आणि लांब बोल्ट रॅकच्याच भोकांत परत घालून नट फिरवून ठेवा. आणि गाडीचे मूळ आखूड बोल्ट रॅक लावाल त्या दिवशीच एका डबीत घालून सीटखाली ठेवा. रॅक काढला आणि मूळ बोल्ट सापडेनात म्हणून लांब बोल्ट तसाच बसवून चाक घासत आलेली गाडी माझ्या दुकानात वर्षाला एक तरी येते.